खिडकीतल्या सहा बाटल्या

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांना आपण सगळे नुसते 'सर' म्हणत आलो. मीही आज तेच म्हणणार आहे.

१९८१ च्या डिसेंबरात मी त्यांच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेलो, तेव्हा उत्तरेकडच्या खिडकीत काचेच्या सहा बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाइनच्या बाटल्या, तोंडाला कापसाचा बोळा, पोटावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर फक्त आकडा. सर म्हणाले, "पंधरा दिवस रोज सकाळी बघायच्या. दिसेल ते वहीत लिहायचं. मला काही विचारायचं नाही."

पंधराव्या दिवसाची माझी नोंद अशी आहे. पहिली बाटली स्वच्छ, उजेडाकडे धरली तरच तळाशी हिरवट झाक. दुसरी जवळजवळ तशीच. तिसरी किंचित हिरवी. चौथी गर्द पोपटी, पलीकडचे कडुनिंबाचे झाड दिसेनासे झालेले. पाचवीत पहिले आठ दिवस काहीच नाही, उलट पाणी फिकट पडले. मग नवव्या-दहाव्या दिवसापासून तळाला बारीक हिरवे ठिपके. सहावी चौथीसारखीच हिरवी, पण तिचा बोळा काढला की वास यायचा.

मग सरांनी आतले सांगितले. पहिल्या बाटलीत साताऱ्याकडच्या एका सड्यावरच्या तळ्याचे पाणी होते, आणले तसे. दुसरीत तेच पाणी आणि चिमूटभर सोरा, म्हणजे नायट्रोजन. तिसरीत तेच पाणी आणि थोडे फॉस्फेट. चौथीत दोन्ही. पाचवीत दोन्ही, शिवाय मोरचुदाच्या द्रावणाचे काही थेंब. सहावीतले पाणी भीमेचे होते. त्यात सरांनी काहीही घातलेले नव्हते.

ती बाटली हातात धरून ते म्हणाले, "चौथीत मी खत घातलं. हिच्यात कुणी घातलं?"

चाळीस वर्षे शेवाळ शिकवून झाल्यावर मला वाटते, की या विषयातले जे काही मला कळले ते या सहा बाटल्यांत होते. आज त्या तुमच्यासमोर पुन्हा मांडतो.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण आपण पाण्यातल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला शेवाळच म्हणतो. खरे हरित शेवाळ हे वनस्पतींचे सख्खे नातेवाईक आहे. ज्वारीच्या पानात जे हरितद्रव्य, ज्वारीच्या दाण्यात जो स्टार्च, तेच क्लोरेला नावाच्या एका पेशीच्या शेवाळात. वनस्पती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर कशी घडवतात, हे मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले ते क्लोरेला आणि सेनेडेस्मस या दोन शेवाळांवर काम करून. त्याबद्दल कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल मिळाले. तळ्याच्या काठावरचा हिरवा थर खरवडून काढताना आपण या जिवांना हात लावत असतो.

दुसरे ते नीलहरित. पूर्वी तेही शेवाळातच गणले जाई, पण ते जीवाणू आहेत. त्यांच्यातले काही विष तयार करतात, हरित शेवाळ सहसा करत नाही. पाणी बिघडत जाते तसतसे हरित मागे पडतात आणि नीलहरित पुढे येतात. आजच्या विषयाचा निम्मा भाग या अदलाबदलीचा आहे.

सरांनी आम्हाला शेवाळ आधी बोटांनी ओळखायला शिकवले. ते म्हणायचे, सोलापूरचा माणूस धागा हातात घेऊन सूत सांगतो, मग शेवाळ का नाही सांगणार? स्पायरोगायरा रेशमासारखे बुळबुळीत, चिमटीतून निसटणारे. क्लॅडोफोरा खरखरीत, फांद्या फुटलेले, ओल्या सुताच्या गुंत्यासारखे. पहिले साध्या संथ पाण्यात मिळते. दुसऱ्याला धरायला दगड लागतो, आणि पाण्यात खत उतरले की ते त्या दगडावर हातभर लांबीच्या जटा सोडते. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवराच्या काठावर १९६० च्या दशकात याच क्लॅडोफोराचे ढीग येऊन कुजत पडत. सरोवरात चौफेर शहरांचे सांडपाणी येत होते.

आता दुसऱ्या बाटलीकडे येऊ. नायट्रोजन घातला, तरी काही का झाले नाही? इथे बसलेल्या शेतकऱ्यांना हे सांगायची गरज नाही. रानात युरिया ओतला आणि स्फुरद नसेल, तर पीक हलत नाही. ज्याची टंचाई सर्वांत मोठी, तो घटक वाढीची मर्यादा ठरवतो. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास हा नियम गाजवला. त्याआधी श्प्रेंगेल यांनी तो मांडला होता. सड्यावरच्या त्या तळ्यात फॉस्फरस जवळजवळ नव्हताच. गोड्या पाण्यात बहुधा असेच असते. नायट्रोजन हवेत अमाप आहे आणि काही नीलहरित जीव तो हवेतून ओढून घेतात. फॉस्फरस मात्र हवेतून येत नाही. तो खडकातून झिजून येतो, नाहीतर आपण आणतो.

शेवाळाला तो लागतो तरी किती? आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ पासून समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचे घटक मोजले आणि पुढे एक प्रमाण पक्के झाले: कार्बनचे १०६ अणू, नायट्रोजनचे १६, फॉस्फरसचा १. यावरून हिशेब केला, तर १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे १०० ग्रॅम कोरडे शेवाळ उभे राहू शकते. ते मेल्यावर कुजताना पाण्यातला सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन खाऊ शकते.

हा हिशेब आपल्या गावाला लावून बघा. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण मी अजून धरलेलाच नाही. एक लाख वस्तीच्या गावातून रोज १५० किलो. त्यावर उगवू शकणारे शेवाळ रोज १५ टन, तेही कोरडे.

आणखी एक आकडा सांगतो. तो मला स्वतःला पचायला वेळ लागला होता. माणशी मैलापाण्याची स्वतःची ऑक्सिजनची भूक, जिला बीओडी म्हणतात, दिवसाला ४५ ते ५० ग्रॅम असते. त्याच पाण्यातल्या दीड ग्रॅम फॉस्फरसवर वाढलेले शेवाळ कुजले, तर त्याची भूक २०० ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे मैलापाण्याची सेंद्रिय घाण पूर्ण काढली, वास घालवला, पाणी काचेसारखे केले, पण फॉस्फरस तसाच ठेवून ते धरणात सोडले, तर धरणातला ऑक्सिजन खाण्याची त्याची ताकद मूळ मैल्याच्या चौपट उरते. हा कमाल मर्यादेचा हिशेब आहे, प्रत्यक्षात सगळा फॉस्फरस वापरला जात नाही. तरीही सांडपाण्याच्या केंद्रातून बाहेर पडणारे स्वच्छ पाणी बघून समाधान मानणाऱ्याने तो एकदा मांडून पाहावा.

सरांची दुसरी आणि चौथी बाटली कॅनडात एका आख्ख्या सरोवरात करून पाहिली गेली. ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य, निर्जन भागात प्रयोगासाठी राखलेली लहान सरोवरे आहेत. त्यांतले क्रमांक २२६ चे सरोवर मधोमध अरुंद आहे. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्या कमरेत प्लॅस्टिकचा पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्यात तेच दोन आणि फॉस्फरस. विमानातून काढलेले छायाचित्र जगभर गेले: पडद्याच्या एका बाजूला काळेशार पाणी, दुसऱ्या बाजूला मटाराच्या आमटीसारखे. त्या काळी साबण उद्योगाच्या बाजूने बोलणारे म्हणत होते, की दोष कार्बनचा आहे, आमच्या फॉस्फेटचा नाही. त्या एका छायाचित्राने वाद मिटवला असे म्हणतात. त्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या अनेक राज्यांत धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधने आली. मटाराच्या आमटीसारखे झालेले ते पाणी मुख्यतः नीलहरित जिवांचे होते, हेही नोंदवून ठेवतो.

आता आपल्या भीमेकडे येऊ. भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण ११७ टीएमसी, आणि तिच्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांचे पाणी भीमेतून इथे येऊन थांबते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ज्या पाण्यावर जगतात, ते वापरून झाल्यावर इथेच येते. वाटेत उसाच्या रानांतून निथळणारे खत मिळते. नदी वाहती असते तोवर शेवाळाला वेळ मिळत नाही. धरणात पाणी थबकते, ऊन मिळते, गाळ खाली बसतो, आणि चौथी बाटली तयार होते. उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात जो तो म्हणतो, "उजनी मायनसमध्ये गेली." म्हणजे पाणी मृत साठ्यात उतरले. मायनसमध्ये गेलेल्या धरणात थोडे पाणी आणि त्याखाली वर्षानुवर्षांचा गाळ असतो. त्या गाळात लोहाला चिकटून बसलेला फॉस्फरस, तळाशी ऑक्सिजन संपला की सुटतो आणि पुन्हा वर येतो. म्हणून वरून येणारे सांडपाणी आज थांबले, तरी धरण लगेच निवळणार नाही. ते जुने देणे फेडत राहील.

भिगवणच्या बाजूला मी अनेक पहाटा काढल्या आहेत. लोक तिथे रोहित पक्षी बघायला जातात, मी पाणी भरायला जात असे. एका मार्चमध्ये होडीवाल्या मामांनी मला साडेपाचला हलवून उठवले. "मास्तर, मासा तोंड काढतोय." काठाजवळ शेकडो चिलापी पृष्ठभागाला तोंड लावून हवा गिळत होते. मी ऑक्सिजन मोजला, लिटरला एक मिलिग्रॅमच्या आत. त्याच जागी दुपारी दोनला मोजला, तर चौदा. मामांना दोन्ही आकडे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे हे हिरवं दिवसा देतं न् रातच्याला घेतं." याहून नेमके मी वर्गात कधी सांगू शकलो नाही. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडते, रात्री तेही आपल्यासारखाच श्वास घेते. शेवाळ थोडे असेल तर काही बिघडत नाही. पाणी दाट हिरवे झाले की पहाटेपर्यंत तिजोरी रिकामी होते. शिवाय दुपारी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका ओढते, की पाण्याचा सामू नऊच्या वर जातो. तशा पाण्यात सांडपाण्यातला अमोनियम मोकळ्या अमोनियाचे रूप घेतो. तो माशाला विषारी असतो आणि फार साठला तर खुद्द शेवाळाचेच प्रकाशसंश्लेषण बंद पाडतो.

खत झाले, आता विष. पाचवी बाटली.

मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. द्राक्षवाल्यांना ते बोर्डो मिश्रणामुळे घरचे आहे. शेवाळ मारायला ते तळ्यात टाकायची पद्धतही शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०४ मध्येच तिचा पुरस्कार केला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे माणसाला चालते. त्याच्या विसाव्या भागाहून कमी तांब्यानेही कोवळ्या एकपेशीय हरित शेवाळाची वाढ खुंटू शकते. आपल्याला गोड लागणारे पाणी त्यांना मारक ठरू शकते, हे आपल्या लक्षातही येत नाही. स्पायरोगायराचा धागा तांब्याच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. त्याच्या प्रत्येक पेशीत हरितद्रव्याची एक देखणी फीत असते, मळसूत्रासारखी फिरत गेलेली. ती आधी आखडते, मग तुटते. पेशीचा आतला ऐवज भिंत सोडून मधोमध गोळा होतो. अर्ध्या तासात हिरवे तपकिरी होते. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी मी हे पाहिले आणि त्या दिवशी जेवलो नाही.

मग दहाव्या दिवशी त्या बाटलीत पुन्हा जे उगवले, ते काय होते? तांबे सोसणारे काही मोजके. काही पेशी धातू बांधून टाकणारे रेणू तयार करतात, काही फॉस्फरसचे कण साठवतात आणि त्यांत धातू अडकवून ठेवतात. ज्या पाण्यात फॉस्फरस भरपूर, तिथे अशा चिवट पेशींची सोय चांगली लागते. भरीला सांडपाण्यातली सेंद्रिय द्रव्ये तांब्याला धरून ठेवतात, त्यामुळे मोकळे, मारक तांबे कमी उरते. खत आणि विष एकत्र आले की एकाने दुसऱ्याचा हिशेब चुकतो. नाजूक मरतात, राकट वाढतात, आणि काठावरून बघणाऱ्याला पाणी पहिल्यासारखेच हिरवे दिसते.

उसातल्या आणि मक्यातल्या तणनाशकाचेही तेच. अ‍ॅट्राझीन हे नाव इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. प्रकाशसंश्लेषणात सूर्यप्रकाशाची ऊर्जा हातोहात पुढे पोचवणारी साखळी असते. अ‍ॅट्राझीन त्या साखळीतल्या एका प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि रस्ता अडवते. तणाच्या पानात ती खाच आहे, तशी क्लोरेलातही आहे. पहिल्या जोरदार पावसाबरोबर ते ओढ्यात उतरते. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये ते परवानगीच्या यादीतून वगळण्याचा निर्णय घेतला. आपल्याकडे ते वापरात आहे.

काही विषे शेवाळाला हातही लावत नाहीत आणि तरी शेवाळ वाढवतात. डॅफ्निया म्हणून पाण्यातली एक पिसू आहे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी. ती दिवसभर पाणी गाळून हरित शेवाळ खाते. तळ्याची गुरे म्हणा ना. पिकावरचे कीटकनाशक पाण्यात आले की आधी ती मरते, कारण तीही कीटकांसारखी संधिपाद. खाणारे गेले, की चारा माजतो. शेतकरी कीड मारतो आणि चार कोसांवरचे तळे हिरवे होते.

साबणाची गोष्ट तर फार नाजूक आहे. सेनेडेस्मसच्या पेशी एकेकट्या राहतात, पण डॅफ्नियाचा गंध पाण्यात आला की चार-चार, आठ-आठच्या ओळी बांधतात, म्हणजे तोंडात मावत नाहीत. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले, की डॅफ्निया नसतानाही एका प्रक्षालकाच्या अगदी थोड्या मात्रेने त्या अशाच ओळी बांधतात. शत्रू नाही, तरी गाव वेशी बंद करून बसते. अशा ओळी लवकर तळाला जातात आणि उजेडाला मुकतात. जिवांची आपसातली भाषा आपण किती खोलवर बिघडवतो, हे मला या एका प्रयोगाने दाखवले.

रसायनांची परीक्षा कशी घेतात, तेही सांगितले पाहिजे. नॉर्वेतल्या निटेल्वा नदीतून १९५९ मध्ये एक चंद्रकोरीच्या आकाराचे हरित शेवाळ वेगळे केले गेले. त्याचे आजचे नाव राफिडोसेलिस सबकॅपिटाटा. जगभर नवे रसायन बाजारात येण्याआधी बहुधा याच शेवाळावर ७२ तास तपासतात आणि त्याची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा काढतात. पद्धत चोख आहे, मीही ती वापरली आहे. पण एका थंड देशातल्या नदीच्या एका शेवाळाने मेमधल्या उजनीबद्दल किती सांगावे? बत्तीस अंशांच्या पाण्यात, खताने भरलेल्या पाण्यात, आपल्या मातीतल्या प्रजातींवर अशी कामे भरपूर व्हायला हवीत. तरुण प्राध्यापकांना माझे हे मागणे आहे.

आता ज्यासाठी मी आज इथे उभा आहे, ते सांगतो. पहिल्या आणि सहाव्या बाटलीतला एकेक थेंब सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. पहिल्या, स्वच्छ पाण्याच्या थेंबात हिरवे फार थोडे होते, पण प्रत्येक जीव निराळा. त्यांत डेस्मिड होते. डेस्मिडची पेशी म्हणजे एकमेकांचे प्रतिबिंब असलेली दोन अर्धुके, मध्ये नाजूक चीर. क्लोस्टेरियम बीजेच्या कोरीसारखे, मायक्रास्टेरियास कातरलेल्या रांगोळीसारखे. यांतल्या बहुतेकांना मऊ, किंचित आम्ल, उपाशी पाणी लागते. सह्याद्रीच्या जांभ्या सड्यांवरची पावसाळी तळी हे त्यांचे माहेर. सहाव्या थेंबात हिरवे खच्चून भरले होते, पण मोजून पाच-सहा प्रकार: क्लोरेला, सेनेडेस्मस, क्लॅमिडोमोनास आणि नीलहरितांचे पुंजके. पामर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये दीडशेहून अधिक संशोधकांच्या नोंदी एकत्र करून घाण सोसणाऱ्या शेवाळांना गुण दिले. क्लॅमिडोमोनास आणि सेनेडेस्मसला ४, क्लोरेलाला ३. नमुन्यातल्या गुणांची बेरीज २० झाली, की पाणी सेंद्रिय घाणीने भरले आहे असे समजायचे. त्या यादीत डेस्मिड नसल्यासारखेच आहेत, कारण त्यांतले बहुतेक तिथवर टिकतच नाहीत.

हिरवेपणा वाढतो आणि हिरव्यांचे प्रकार घटतात. आपण पाण्याला एवढे खायला घालतो, की थोडक्यात जगणारे सगळे उठून जातात. मला सर्वांत जास्त वाईट याचेच वाटते. धरणात मासे मेले की बातमी येते, मोर्चा निघतो. एखाद्या सड्यावरचे तळे खताने किंवा निर्माल्याने भरून तिथले डेस्मिड संपले, तर त्याची नोंद घ्यायला कुणी नसते. माझ्या वहीत १९८० च्या दशकातली अशा तळ्यांची यादी आहे. त्यांतल्या काही ठिकाणी मी निवृत्तीनंतर पुन्हा गेलो, तर बाटलीत सहावा थेंब मिळाला.

पाणी हिरवे झाले की सुचणारा पहिला उपाय म्हणजे मारून टाका. याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. ऑस्ट्रेलियात पाम बेट नावाचे बेट आहे. १९७९ मध्ये तिथल्या धरणाचे पाणी हिरवे झाले, म्हणून त्यात मोरचूद टाकले. त्यानंतर काही दिवसांत १३८ मुले आणि १० मोठी माणसे यकृत-मूत्रपिंडाच्या त्रासाने रुग्णालयात दाखल झाली. पुढे उलगडा झाला: पाण्यात विषारी नीलहरित होते. तांब्याने त्यांच्या पेशी फुटल्या आणि पेशीत कोंडलेले विष पाण्यात सुटले. अशा विषांपैकी मायक्रोसिस्टिन पाणी उकळूनही जात नाही. म्हणून कुणी तुमच्या तळ्यात पोती रिकामी करायला आले, तर आधी पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघितले का, हे विचारा. जलपर्णी ओढून काढण्याचेही तसेच आहे. काढावी जरूर, पण ती काठावर कुजू दिली तर तिच्यातला फॉस्फरस पुन्हा पाण्यात.

खत मुळाशीच अडवणे हाच मार्ग, आणि तो अशक्य नाही. सिअ‍ॅटल शहराने वॉशिंग्टन सरोवरात जाणारे सांडपाणी १९६८ पर्यंत पूर्ण वळवले. काही वर्षांत ते सरोवर निवळले. फॉस्फरस पाण्यातून काढता येतो. आपण घरात गढूळ पाण्यात फिरवतो ती तुरटी फॉस्फेटला धरून तळाशी नेते, सांडपाण्याच्या केंद्रात हेच मोठ्या प्रमाणावर करता येते. फॉस्फरस साठवणारे जीवाणू वापरूनही करता येते. आणि शेवाळाला काम द्यायचे, तर ते योग्य जागी द्यावे. मैलापाण्याच्या उथळ तळ्यांत हरित शेवाळ फुकट ऑक्सिजन पुरवते. अशा तळ्यांवर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पूर्वीच काम केले आहे. नवे उपाय करतानाही खताचा हिशेब ठेवावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने गणेशमूर्तींचे प्लास्टर विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली. उरणारे पाणी अमोनियम सल्फेटचे, म्हणजे खताचे. ते झाडांना घातले तर उपयोगी, गटारात सोडले तर तेच नदीला नायट्रोजन.

आता कागदाकडे वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, सर्वांत जास्त. त्याआधीच्या वर्षी, २०१७ मध्ये, सांडपाणी केंद्रांसाठी जी मानके अधिसूचित झाली, त्यांत बीओडी आहे, तरंगता गाळ आहे, जंतू आहेत. नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कडक मानके सुचवली आणि तलावात सोडायच्या पाण्यात फॉस्फरस लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवा, असे म्हटले. जे मोजायची सक्ती नसते ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी पैसे मंजूर होत नाहीत.

इथे दोनशे-अडीचशे माणसे बसली आहेत. काही पुण्याहून आलेली आहेत, काही भीमाकाठच्या गावांतली. माझी सर्वांना एक विनंती आहे. माहितीच्या अधिकारातला अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपापल्या महापालिकेला किंवा नगरपालिकेला एकच ओळ विचारा: आमच्या सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एकूण फॉस्फरस किती, आणि तो शेवटचा कधी मोजला? उत्तर आले की त्याची प्रत या व्याख्यानमालेच्या संयोजकांकडे पाठवा. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत ती सगळी उत्तरे गावांच्या नावांसह वाचून दाखवायची, असे संयोजकांशी माझे बोलणे झाले आहे.